चालू फिशटँकमधले खडे काढताना

टँक दोन-तीन वर्षं चालला की खड्यांचा कंटाळा येतो. हौसेने आणलेल्या निळ्या-पिवळ्या खड्यांचा रंग उडतो, तळाशी काळपट थर बसतो, गोल्डफिश दिवसभर खडे तोंडात घेऊन थुंकत राहतो आणि सायफन कितीही फिरवला तरी घाण निघतच राहते. मग एका रविवारी बेत ठरतो: मासे बालदीत, खडे गोणीत, काच घासूनपुसून लख्ख आणि वर नळाचं ताजं पाणी. संध्याकाळी टँक नवाकोरा दिसतो. बुधवार-गुरुवारकडे मासे वर येऊन धापा टाकायला लागतात, आणि घरातले म्हणतात, ‘एवढं स्वच्छ केलं तरी असं कसं?’

स्वच्छ केलं म्हणूनच. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात येत असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट तुलनेने सौम्य असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात: फिल्टरच्या स्पंजला, काचेला, लाकडाला आणि खड्यांना. त्यांची वाढही संथ असते. साधे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना दिवसभराच्या आसपास वेळ लागतो. खडे काढायला हरकत काहीच नाही, पण आपल्या टँकमध्ये ते नेमकं कोणतं काम करतायत ते आधी कळलं पाहिजे. ते काम दुसरं कोणी सांभाळू लागलं की मगच खड्यांना हात लावायचा.

खडे काय काम करतायत ते आधी बघा

पहिला प्रश्न फिल्टरचा. खड्यांखाली प्लॅस्टिकच्या जाळीदार प्लेटा आणि कोपऱ्यात उभी नळी असेल तर तुमचा फिल्टर अंडरग्रॅव्हल आहे. जुन्या टँकमध्ये हा हमखास सापडतो. अशा टँकमध्ये खडे हाच फिल्टर असतो. ते काढणं म्हणजे फिल्टर काढणं, त्यामुळे घाई अजिबात परवडत नाही. टँकमध्ये मोठा स्पंज फिल्टर, काचेवर अडकवायचा फिल्टर किंवा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर) असेल आणि तो कित्येक महिने चालू असेल, तर जिवाणूंचा बराचसा संसार तिथे थाटलेला असतो. मग काम सोपं. एखादाच छोटा इंटरनल फिल्टर आणि मासे भरपूर, अशी स्थिती असेल तर तुम्ही मधल्या गटात आहात, पण काळजी पहिल्या गटाइतकीच घ्या.

दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि गोव्यात तोच महत्त्वाचा. खडे कशाचे आहेत? इथे नळाला ओपाच्या प्रकल्पाचं पाणी येत असो, साळावलीच्या की अस्नोड्याच्या, ते पावसावर भरणाऱ्या नद्यांचं पाणी, त्यात क्षार कमी. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणीही सहसा मऊ आणि थोडं आम्लधर्मी असतं. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी तेवढ्या निराळ्या. अशा मऊ पाण्यात पीएच सांभाळून धरायला फारसं काही नसतं. टँकमध्ये संगमरवराची खडी किंवा किनाऱ्यावरून आणलेली शिंपल्यांचा चुरा असलेली वाळू असेल तर ती हळूहळू विरघळत पीएच टिकवून धरते. ती एकदम काढली तर फिल्टर ठणठणीत असूनही काही आठवड्यांत पीएच खाली घसरतो. तो ६ च्या खाली गेला की अमोनिया संपवणारे जिवाणूही काम जवळपास थांबवतात.

ओळखायला घरातलं माडाचं व्हिनेगर पुरतं. मूठभर खडे धुऊन कोरडे करा, बशीत ठेवा, वर व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. बारीक बुडबुडे येऊन चुरचुर ऐकू आली तर खड्यांत चुना आहे. काहीच झालं नाही तर ते क्वार्ट्झसारखे निष्क्रिय दगड, त्यांच्या जाण्याने पीएचला फरक पडत नाही. रंगीत खड्यांचा एखादा तुकडा आधी फोडून घ्या, कारण वरचा लेप आतला दगड झाकतो. बुडबुडे आले तर काढलेल्या खड्यांतले दोन-तीन मुठी वेगळे ठेवा. नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत बांधून ते फिल्टरच्या प्रवाहात ठेवले की पीएचचा प्रश्न मिटतो.

तिसरी तपासणी नाकाने. थर ५ सेंटिमीटरपेक्षा जाड असेल, खडे बारीक असतील आणि काचेतून काळे डाग दिसत असतील, तर आत ऑक्सिजन न पोचणारे कप्पे तयार झालेले असतात. तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा. हे कप्पे हाताने उकरायचे नाहीत. ते कसे काढायचे ते पुढे येईल.

कधी करायचं

दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी सहज ३० अंशांवर जातं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.५. अमोनियाही जास्त डसतो. २५ अंशांना आणि पीएच ७ ला एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो आणि ३० अंशांना साडेसात टक्क्यांच्या घरात. शिवाय मे-जूनमध्ये वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो. पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी येतं, आणि या कामात पाणी तर वारंवार बदलायचं असतं.

चवथीच्या तोंडावर मात्र मुळीच सुरुवात करू नका. मूळ घरी चार-पाच दिवस गेलात की टँककडे बघणारं कोणी नसतं, आणि खडे काढल्यानंतरचा पंधरवडा हा नेमका रोज बघण्याचा.

आधीची तयारी, चार ते सहा आठवडे

अंडरग्रॅव्हलवाल्यांनी आणि लहान फिल्टरवाल्यांनी आताच एक जास्तीचा स्पंज फिल्टर आणून टँकमध्ये चालू करावा. ६०-७० लिटरच्या टँकला दोन स्पंजवाला घ्या. जुना फिल्टर बंद करायचा नाही, दोन्ही एकत्र चालू द्यायचे. लवकर बस्तान बसावं म्हणून जुन्या फिल्टरचा स्पंज टँकच्याच पाण्यात पिळून ते गढूळ पाणी नव्या स्पंजवर ओता. दिसायला गलिच्छ, पण तेच विरजण. चार आठवडे हा कमीत कमी काळ, सहा मिळाले तर उत्तम. मोठा फिल्टर आधीपासून असेल तर ही पायरी सोडली तरी चालेल. मी असतो तर तरीही एक स्पंज लावला असता, कारण वीज गेली तर बॅटरीच्या एअर पंपावर तोच चालतो.

याच काळात दर आठवड्याला खड्यांवरची घाण सायफनने ओढत राहा, म्हणजे काढायच्या दिवशी निम्मी गढूळता आधीच गेलेली असेल. खाणं थोडं कमी करा.

अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजायचं किट घ्याच. थेंबांचं किट पट्ट्यांपेक्षा भरवशाचं. सुरुवातीला अमोनिया आणि नायट्राइट शून्य यायला हवेत. तसे नसतील तर टँक आधीच ओढाताणीत आहे, खड्यांचा विचार नंतर.

पीएच नळाच्या पाण्याचाही मोजा. पुष्कळ वर्षं पाणी कमी बदललेल्या टँकचा पीएच ६ किंवा त्याखाली आलेला असतो. तिथे अमोनिया साठलेला असला तरी तो अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासे बरे दिसतात. अशा टँकमध्ये पीएच ७.५ चं ताजं पाणी अर्धाअधिक भरलं की तोच साठा काही मिनिटांत विषारी होतो. ‘पाणी बदललं आणि मासे मेले’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. दोन पाण्यांमध्ये एकापेक्षा जास्त अंकाचा फरक असेल तर आधी दोन-तीन आठवडे १० टक्क्यांचे छोटे बदल करून टँक नळाच्या पाण्याजवळ आणा.

सामान

दोन नळ्या लागतात. एक नेहमीची सायफनची, घाणीसाठी. दुसरी पाऊण ते एक इंच व्यासाची, पारदर्शक, दीड-दोन मीटर लांब, खड्यांसाठी. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती नळी या कामाला बारीक पडते, तिच्यात खडे अडकतात. हार्डवेअरच्या दुकानात जाताना खिशात दोन-चार खडे टाकून जा आणि तिथेच नळीतून सोडून बघा. याशिवाय दोन-तीन बालद्या, प्लॅस्टिकचा छोटा मग, जुना टॉवेल, अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं औषध) आणि सपाट प्लॅस्टिकची पट्टी. बालद्या फक्त टँकसाठीच ठेवा, कधी साबण लागलेल्या नकोत. धातूचं सुपडं नको, काच आणि कोपऱ्यांतला सिलिकॉन दोन्ही खरवडलं जातं.

वजनाचा अंदाज असू द्या. ६० × ३० सेंटिमीटरच्या तळावर ५ सेंटिमीटर थर म्हणजे ९ लिटर खडे, साधारण १४ किलो. ओले खडे पाण्यासकट एकाच बालदीत भरून उचलले तर कंबर धरते.

प्रत्यक्ष काम

एकूण खड्यांचे चार भाग समजा आणि एका वेळी एकच काढा, दोन टप्प्यांत निदान एक आठवडा सोडून. अंडरग्रॅव्हल असेल तर दहा-बारा दिवस सोडा. उभ्या पट्ट्या पाडणं सोपं: ६० सेंटिमीटरच्या टँकमध्ये एका कडेपासून १५ सेंटिमीटर म्हणजे एक भाग, सुमारे साडेतीन किलो.

आदल्या संध्याकाळपासून खाणं बंद. नवीन पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी चांगलंच तापलेलं असतं, म्हणून ते सकाळी घ्या. त्यात अँटी-क्लोरीन घाला, आणि तापमान टँकशी जुळतंय का ते हात घालून नव्हे, थर्मामीटरने बघा.

काम सकाळी सुरू करा, म्हणजे पुढे दिवसभर टँकवर नजर राहते. हीटर असेल तर त्याचा प्लग काढा. सत्तरी तालुक्याकडे थंडीत काहीजण लावतात, आणि पाण्याबाहेर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. पॉवर हेड (पाण्यात बुडवलेला छोटा पंप) आणि मोठा फिल्टर बंद करा, पण दुसऱ्या टोकाचा स्पंज फिल्टर चालूच ठेवा. ज्या पट्टीत काम आहे तिथले दगड आणि लाकूड टँकच्याच पाण्याने भरलेल्या बालदीत काढा. खड्यांवर टेकलेला मोठा दगड खालचे खडे निघाल्यावर काचेवर कोसळतो, म्हणून त्या पट्टीबाहेरचे डळमळीत दगडही आताच उतरवा.

आता प्लॅस्टिकची पट्टी खड्यांत उभी खुपसा, शेताला बांध घालतात तशी. नाहीतर मोकळ्या केलेल्या जागेत उरलेले खडे घसरून येतात आणि काम संपतच नाही.

आधी बारीक नळीने त्या पट्टीवरची घाण ओढा. मग जाड नळी घ्या. पाण्यात पूर्ण बुडवून भरा, एक टोक अंगठ्याने बंद करून बालदीत न्या आणि अंगठा सोडा. आतलं टोक खड्यांत सरळ उभं धरा. खडे खडखडत वर चढतात, वळणावरून उतरतात आणि बालदीत पडतात. नळीला कुठे घडी पडू देऊ नका, तिथेच खडे तुंबतात. तुंबलेच तर आतलं टोक खड्यांतून वर उचला, नुसतं पाणी वाहू द्या आणि नळी बोटाने टिचकवा. एक इंची नळी बालदी बघता बघता भरते, त्यामुळे दुसरा हात सतत बाहेरच्या टोकाजवळ हवा. गप्पीची पिल्लं किंवा कुहली लोच हा सापासारखा बारीक मासा असेल तर हातातल्या टोकापुढे कोण आहे यावर लक्ष ठेवा. लोच खड्यांत लपून बसतात आणि सरळ नळीत जातात. बालदीतले खडे फेकण्याआधी एकदा हाताने चाळून बघा.

काळे डाग असलेल्या भागात नळीचं टोक थेट डागावर टेकवा आणि तिथलं सगळं सरळ बाहेर ओढा. ढवळू नका. वास आला तर खिडक्या उघडा, एअर पंप वाढवा.

एका वेळी टँकच्या पाण्यातलं पाव ते फार तर तिसरा हिस्सा एवढंच बाहेर जाऊ द्या. पाण्याची मर्यादा आधी संपली आणि खडे उरले तर मगाने काढा. तो आडवा सरकवून भरा, तोंड वर करून हळूच उचला, टँकमध्ये हलवू किंवा विसळू नका. जाळीने काढायचा मोह होतो, पण जाळीतून सगळा गाळ परत पाण्यात पसरतो.

पट्टी रिकामी झाली की तळाला राहिलेला गाळ बारीक नळीने घ्या, दगड काचेवर थेट न टेकवता खाली पातळ प्लॅस्टिकची जाळी ठेवा, आणि नवीन पाणी बशीवर बारीक धारेने सोडा. फिल्टर सुरू करा. पाणी काही तास गढूळ दिसेल, ते दिसू द्या.

मधले दिवस

फिल्टरला आता पंधरा दिवस हात लावायचा नाही. खडे कमी झाले, वर स्पंजही धुतला, तर उरलंसुरलं भांडवलही गेलं.

पहिल्या तीन दिवसांत रोज, नंतर एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजा. अमोनिया ०.२५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) दिसला तर खाणं एक दिवस बंद करून वाट बघा. ०.५ किंवा जास्त आला तर तिसरा हिस्सा पाणी बदला आणि पुढचा टप्पा शून्यावर येईपर्यंत लांबवा. नायट्राइट वाढलं तर पाणी बदलून १० लिटरला १ ग्रॅम मीठ घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. ६० लिटरला एक सपाट चहाचा चमचा, आपल्या मिठागराचं जाडं मीठ असेल तर वजन करून. एवढ्याशा मिठाने झाडांना किंवा कोरीडोराससारख्या तळाच्या माशांना त्रास होत नाही.

दोन-तीन दिवसांनी पाणी दुधाळ झालं आणि मासे मजेत असतील तर ते जिवाणूंचं तात्पुरतं उधाण, आपोआप ओसरतं. मासे वर येऊन तोंड मारत असतील, कल्ले लाल आणि पंख मिटलेले असतील, तर किटची वाट न बघता पाणी बदला, हवा वाढवा, मग मोजा.

अंडरग्रॅव्हलच्या प्लेटा

प्लेटा सगळ्यात शेवटी. खडे निघाले तरी प्लेटेखाली वर्षानुवर्षांचा तपकिरी गाळ असतो, आणि प्लेट उचलली की तो एका क्षणात टँकभर होतो. म्हणून शेवटच्या टप्प्याला मासे टँकच्याच पाण्याच्या झाकलेल्या टबात एअर स्टोनसह ठेवा, स्पंज फिल्टरही त्याच टबात लावा. प्लेटेच्या कडेने नळी आत घालून जमेल तेवढा गाळ ओढा, मग प्लेट एका बाजूने तिरकी करत उचला. राहिलेला गाळ काढून, पाणी भरून, निवळल्यावर मासे परत.

घर बदलायचंय किंवा काच गळतेय म्हणून सगळं एका दिवसात करणं भाग पडलं, तर हीच टबाची पद्धत सगळ्या खड्यांना लावा. मात्र किलोभर खडे जाळीच्या पिशव्यांत बांधून महिनाभर टँकमध्ये टांगून ठेवा, आणि आठवडाभर रोज मोजणी करा.

झाडं आणि तळाचे मासे

जावा फर्न, अनुबियास यांना खड्यांची गरज नसते, लाकडाला दोऱ्याने बांधा. अमेझॉन सोर्ड, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिसनेरिया मुळांतून खातात, त्यांना मातीच्या छोट्या कुंडीत वाळू घालून लावा. क्रिप्टोकोरिनची पानं हलवल्यावर विरघळतात, मूळ शाबूत असेल तर पुन्हा फुटतात.

गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर यांना उघडा तळ चालतो, किंबहुना स्वच्छता सोपी जाते. कोरीडोरास आणि लोच यांना मात्र उकरायला काहीतरी हवंच, त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात उथळ ट्रेमध्ये बारीक धुतलेली वाळू द्या. उघड्या काचेत खालून प्रतिबिंब दिसतं आणि काही मासे त्याला बिचकतात. टँक रिकामा असेल तेव्हाच खाली बाहेरून काळा किंवा मातकट कागद लावता येतो. भरलेला टँक त्यासाठी उचलायचा नाही, आतून गडद रंगाची फरशी किंवा स्लेट टाकली तरी भागतं.

काढलेले खडे

सायफनचं पाणी माडाला, केळीला, कुंडीला घाला, त्यातलं नायट्रेट झाडांना उपयोगी. मीठ घातलेल्या दिवसाचं तेवढं वगळा. साधे दगड धुऊन कुंड्यांच्या बुडाला निचऱ्यासाठी चालतात, रंग सुटणारे रंगीत खडे भाजीच्या वाफ्यात नकोत. खड्यांसोबत गोगलगायी, त्यांची अंडी आणि झाडांचे तुकडे येतात, त्यामुळे ओढ्यात, तळ्यात किंवा शेताच्या पाटात काहीही फेकू नका. नको झालेला सकर मासाही नाही. खडे पुन्हा वापरायचे असतील तर आठवडाभर कडक उन्हात पसरून पूर्ण वाळवा, मग गोणीत भरा.